वाणात वाटलेला खून

अपर्णा निमकरने आयुष्यात एकच खून केला, आणि तोही फ्रेंचमध्ये. मराठीत करायची तिची छाती नव्हती. मराठीत लिहिलं की नातेवाईक वाचतात, आणि वाचून झालं की नाशिकहून फोन येतो, "ती घाऱ्या डोळ्यांची बाई म्हणजे आपल्या वन्संच ना गं?" मग बसा समजूत काढत. फ्रेंचचं तसं नाही. दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये तिच्या खालीवर, आजूबाजूला, अख्ख्या मराठी मंडळात एकाही मोठ्या माणसाला फ्रेंच येत नव्हतं. निदान तिला तसं वाटत होतं. मंडळातली पोरं शाळेत तिच्याकडेच फ्रेंच शिकायची, पण परीक्षा संपली की किती झटपट विसरायची हे त्यांच्या बाईंइतकं कोणाला ठाऊक असणार?

तशी ती फ्रेंचकडे वळली ती काही फार मोठ्या ओढीने नव्हे. कॉलेजात जर्मनचा वर्ग भरला होता म्हणून इकडे बसली, आणि बसली ती बसलीच. लग्न करून दुबईला आली तेव्हा करामा भागात दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर फ्लॅट वाटून घेतलेला, स्वयंपाकघरात सकाळी पाळी लावायची. तिथून बस पकडून ती एका भारतीय शाळेत जायची आणि केरळी, पंजाबी, गुजराती, मराठी, जे येईल त्या पोराला फ्रेंच क्रियापदं घोकायला लावायची. वीसेक वर्षं हेच केलं. मधे सान्वी झाली, घर डिस्कव्हरी गार्डन्सला आलं, नवरा प्रल्हाद अबू धाबीपलीकडच्या रुवैसच्या रिफायनरीत प्लॅनिंगला लागला, आठवडाभर तिकडेच राहून शुक्रवारी दुपारी निघून संध्याकाळी घरी यायला लागला. क्रियापदं तीच राहिली, आणि त्यातल्या चुकाही पिढ्यान् पिढ्या त्याच राहिल्या.

माणसाच्या डोक्यात खून कधी येतो? वह्या तपासताना येतो. एकदा अशाच वह्यांच्या गठ्ठ्यातून उठून ती इस्त्रीच्या टेबलापाशी गेली, लॅपटॉप ठेवला आणि उभ्याउभ्याच लिहायला लागली. बसलं की तिला झोप यायची, म्हणून उभ्याने. दीड वर्षात कादंबरी झाली. नाव ठेवलं 'ओ मोव्हे एताज', म्हणजे 'चुकीच्या मजल्यावर'. गोष्ट अशी की एका वस्तीतल्या सगळ्या इमारती अगदी सारख्या असतात, आपल्या डिस्कव्हरी गार्डन्ससारख्याच, जिथे नवा पाहुणा हमखास भलत्याच घराची बेल दाबतो. तिथे क्रियापदं तपासून वैतागलेली एक बाई खून करायला निघते आणि चुकीच्या इमारतीत, चुकीच्या मजल्यावर शिरून भलतीलाच मारते. मरणारी बाई हौशी गायिका होती आणि कोणी आग्रह करण्याची वाट बघत नसे. मंडळाच्या अध्यक्षा नलिनीताई देवस्थळींशी तिचं साम्य होतं का? होतं. भरपूर होतं. पण ते फ्रेंचमध्ये होतं.

फ्रान्समधल्या समुद्राकाठच्या एका गावात अप्रकाशित फ्रेंच रहस्यकादंबऱ्यांसाठी एक बक्षीस देतात. त्याच्या नावाचा अर्थ कंदील, म्हणून घरात त्याला 'कंदील' म्हणायचे. परीक्षक नाव झाकून हस्तलिखितं वाचतात आणि पहिली आलेली कादंबरी तिकडचा प्रकाशक छापतो. अपर्णाने पाठवली आणि विसरायचा प्रयत्न केला. संक्रांतीच्या आठवड्यात मेल आली की तिची कादंबरी शेवटच्या मोजक्या पाचसहांत आली आहे, निकाल मार्चमध्ये लागेल. ती मेल तिने स्टाफरूममध्ये वाचली, मग बाथरूममध्ये जाऊन वाचली, मग गाडीत बसून मोठ्याने वाचली. पन्नाशीच्या बाईने इतकं हुरळून जाणं बरं दिसत नाही हे तिला कळत होतं. तिने रुवैसला फोन लावला.

"प्रल्हाद, शेवटच्या यादीत आले मी. कंदीलच्या."

"मब्रूक, मब्रूक! अभिनंदन! म्हणजे आता तू फेमस?"

"अजून नाही. पण अरे, जगभरातून येतात तिथे. अप्रकाशित कादंबऱ्यांमध्ये सगळ्यात मोठं बक्षीस आहे हे."

आता इथे प्रल्हाद निमकरांचं घराणं समजून घ्यायला हवं. निमकरांकडे पुस्तक छापून घेणं हा मुंजीसारखा एक संस्कारच आहे. थोरल्या काकांनी साठीला अभंग छापले आणि जेवणाच्या पंगतीत पानापानाला एकेक ठेवला. आत्याने प्रवासवर्णन छापलं, ते लग्नात आहेराबरोबर दिलं. आतल्या पानावर ठरलेला मजकूर, 'खाजगी वितरणासाठी', आणि झालं. अशा घरातल्या माणसाला 'अप्रकाशित' हा शब्द कसा ऐकू येणार? त्याला तो 'अविवाहित'सारखा ऐकू आला. बिचारीने एवढी मेहनत केली, फायनलपर्यंत पोचली, आणि अजून पुस्तक छापलेलं नाही. इतकी वर्षं आपण आठवड्याचे पाच दिवस रुवैसला, तिने एकटीने घर सांभाळलं, आणि आपल्याला हे सुचू नये? त्याला मनापासून लाज वाटली.

"या वेळी हळदीकुंकवाचं वाण मी आणतो," तो म्हणाला. "तू काही बघू नकोस."

अपर्णाला बरंच वाटलं. करामातून प्लास्टिकचे डबे आणायचे, त्यात काय बिघडवणार हा? दरवर्षी त्या डब्यांच्या झाकणांवरून दोघांची वादावादी व्हायची, ती या वर्षी टळली.

शनिवारी संध्याकाळी हॉलभर बायका बसल्या होत्या. दाराशी चपलांचा ढीग, टेबलावर तिळाच्या वड्या, आणि खालच्या मजल्यावरच्या हलिमाआपा नेहमीप्रमाणे कोपऱ्यातल्या उंच खुर्चीवर. त्यांचे गुडघे दुखायचे. त्या मूळच्या दापोलीकडच्या, दरवर्षी तिळगुळाला येत, कुंकवाऐवजी अत्तर लावून घेत, आणि ईदला वर शीरखुर्म्याचं भांडं पाठवत. वाण द्यायची वेळ झाली तसा झब्बा घातलेला प्रल्हाद बेडरूममधून बाहेर आला. हळदीकुंकवात पुरुष शिरला म्हणताच बायका हसायला लागल्या. त्याच्या हातात लाल चमकीच्या कागदात बांधलेलं काहीतरी होतं.

"नलिनीताई, या पुढे या," तो म्हणाला. "हे तुमच्या हस्ते."

नलिनीताई पदर सावरून उठल्या. अशा कामात त्यांचा हात बसलेला होता. त्यांनी कागद सोडला, आतलं पुस्तक छातीशी उंच धरलं, चारी दिशांना फिरवलं, आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आपल्या अपर्णाची फ्रेंच कादंबरी आज प्रकाशित झाली, असं मी जाहीर करते."

टाळ्या पडल्या. फोटो निघाले. सान्वीने तर व्हिडिओ काढला. प्रल्हादने आतून खोकी आणली आणि प्रत्येकीच्या हातात तिळगुळाबरोबर एकेक प्रत पडली. अपर्णाने कधीकाळी मेलवर जपायला पाठवलेली फाइल काढून करामातल्या हॉटेलांची मेन्यूकार्डं छापणाऱ्याकडून त्याने काम करून घेतलं होतं, त्यामुळे कव्हर ओल्या फडक्याने पुसता येईल इतकं भक्कम लॅमिनेट केलेलं. मागे पैठणीतल्या अपर्णाचा फोटो. अपर्णा हळदीचा करंडा हातात घेऊन जागच्या जागी उभी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून चारपाच जणींनी स्वतःचेही डोळे टिपले.

शेवटची पाहुणी लिफ्टमध्ये शिरेपर्यंत तिने हसरा चेहरा टिकवला. मग दार लावून ती तिथेच खाली बसली आणि पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. तिथे छापलं होतं: प्रथम आवृत्ती, मकरसंक्रांत. प्रकाशक, प्रल्हाद निमकर. खाजगी वितरणासाठी. मूल्य, आपुलकी.

"प्रल्हाद," ती अगदी हळू म्हणाली, "ते बक्षीस अप्रकाशित कादंबरीला आहे."

"हो ना. म्हणून तर छापून घेतली. बाकीचे पुस्तकं घेऊन येणार आणि तू आपली सुटी पानं."

"अरे, अप्रकाशित असली तरच चालते. छापली की बाद. हीच एक अट आहे."

तिने आरडाओरडा केला असता तर प्रल्हादला सोपं गेलं असतं. त्याचं तोंड उतरलं, मग कान लाल झाले, आणि झब्ब्याच्या खिशात राहिलेली तिळाची वडी काढून तो त्या वडीकडेच बघत बसला.

"मम्मा, चिल," सान्वी म्हणाली. ती आता विद्यापीठात शिकत होती आणि सगळ्या प्रश्नांना तिच्याकडे तडकाफडकी उत्तर होतं. "मंडळाच्या पेजवरची पोस्ट डिलीट करायला सांगू. फ्रान्समध्ये हू विल एव्हर नो?"

अपर्णाने त्यावर विचार केला नाही असं नाही. चांगला तासभर केला. पण आयुष्यभर परीक्षेच्या हॉलमध्ये फिरून पोरांच्या बाह्यांतल्या चिठ्ठ्या काढलेली बाई ती. तिला ते जमेना. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहून तिने बक्षिसाच्या सचिव मादाम केर्व्हेन यांना सगळं खरं लिहिलं. आता हळदीकुंकू फ्रेंचमध्ये समजावून बघा. सवाष्णी म्हणजे काय, वाण म्हणजे काय, नवऱ्याने वाणात कादंबरी का दिली. खून लिहिताना इतके कष्ट पडले नव्हते.

उत्तर सभ्य होतं. परीक्षक मंडळापुढे असा प्रसंग कधी आला नव्हता. प्रती विकल्या नसतील तर त्या सगळ्या परत गोळा करा, मादाम केर्व्हेन यांनी लिहिलं होतं. जवळच्या मित्रमंडळींनी वाचलं असेल तर हरकत नाही, हस्तलिखितं मित्र वाचतातच. मात्र एकाही त्रयस्थ वाचकाने वाचली असेल तर ती प्रसिद्ध झाली असंच धरावं लागेल. आणि एक प्रश्न: आतापर्यंत किती जणांनी वाचली?

"झिरो!" प्रल्हादला एकदम हुरूप आला. "कोणाला येतंय फ्रेंच? दोन दिवसांत गोळा करतो, खलास." त्याने रुवैसला 'फॅमिली इमर्जन्सी' म्हणून रजा कळवली, करामातून डब्यांच्या थप्प्या आणल्या आणि बायकोला घेऊन गाडी काढली. पुस्तक द्या, डबा घ्या, असा त्याचा प्लॅन होता.

पहिल्याच दारात प्लॅन कोसळला. नलिनीताईंनी डबा हातातही घेतला नाही.

"वाण परत मागतात का कुठे?" त्या म्हणाल्या. "संक्रांतीचं वाण, तेसुद्धा माझ्या हस्ते निघालेलं. अपर्णा, तुला तरी कळायला हवं."

अपर्णाला कळत होतं, म्हणून तर ती मान खाली घालून उभी होती. प्रल्हादने बक्षिसाची सगळी हकीकत सांगितली, आपलीच चूक असल्याचं दोनदा सांगितलं. नलिनीताईंचा चेहरा हळूहळू बदलला. बक्षीस म्हणजे मंडळाचं नाव, हे त्यांच्या ध्यानात आलं.

"तशी मी वाचायला घेतली होती हां," त्या म्हणाल्या, आणि अपर्णाने झटकन मान वर केली. "भाषांतर करायला फोनचा कॅमेरा धरला पानावर. त्यात आलं, सोनेरी मासा जिन्यात गात होता. मग मी बंद केलं. पण ती गाणारी बाई आहे ना, ती मला आवडली. तिचं पुढे काय होतं?"

"मरते," अपर्णा म्हणाली.

"अरेरे. शेवटी?"

"पहिल्याच प्रकरणात."

"चांगली माणसं टिकत नाहीत," नलिनीताई म्हणाल्या आणि कामाला लागल्या. कारण काहीही म्हणा, बाई खमकी. वाण परत घेता येत नाही, पण वाण देता तर येतं? रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस असतात. त्यांनी आपल्या घरी हळदीकुंकू काढलं आणि मंडळातल्या सगळ्या बायकांना बजावलं की येताना आपापलं पुस्तक घेऊन या आणि वाण म्हणून अपर्णालाच द्या. अपशकुन नाही, काही नाही.

तो समारंभ काय वर्णावा. अपर्णाला मधोमध पाटावर बसवलं, आणि एकेक जण हळदकुंकू लावून तिच्या ओटीत तिचीच कादंबरी घालत होती. कोणाचं पुस्तक लॅपटॉपखाली होतं, त्यावर चार रबरी पायांचे वळ उठले होते. एकीच्या पुस्तकावर चहाचा कप ठेवून ठेवून गोल पडलेला, तिने तो पुसून दाखवला आणि लॅमिनेशनचं कौतुक केलं. एकीने तर ते पुढे शारजाला भावजयीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून देऊन टाकलं होतं. ती भावजय नवऱ्यासकट शारजाच्या ट्रॅफिकमधून पुस्तक घेऊन आली आणि अपर्णाला म्हणाली, "सॉरी हां, मी अजून प्लास्टिक काढलं नाही." अपर्णाला मांडीवरचं ओझं पेलेना. तिने सगळ्यांना हात जोडले आणि तिला हसूही आवरेना. एकाही माणसाने वाचलं नव्हतं. बक्षिसासाठी ते अगदी उत्तम होतं, आणि तरीही घरी येताना गाडीत ती एकेक प्रत उघडून न उलगडलेली पानं चाळत होती.

एकच प्रत उरली होती. हलिमाआपा गुडघ्यांमुळे नलिनीताईंकडे आल्या नव्हत्या. अपर्णा डबा घेऊन खाली गेली.

हलिमाआपा खिडकीपाशी बसल्या होत्या. नवरा याकूबभाई देरा भागातल्या दुकानात गेलेले. आपांच्या एका हातात भिंग होतं आणि मांडीवर 'ओ मोव्हे एताज'. अर्ध्याच्याही पुढे उघडलेलं.

"ये गो," त्या म्हणाल्या. "बस. बोलू नको जरा, एवढं पान होऊ दे."

अपर्णा बसली. आपांचे ओठ हलत होते. त्या पुटपुटत होत्या आणि ते शब्द फ्रेंच होते. मोकळे, घसरते, बंदरावरच्या बायका बोलतात तसे फ्रेंच. आपल्या कानांवर विश्वास ठेवायला अपर्णाला वेळ लागला.

"आपा, तुम्हाला फ्रेंच येतं?"

"येतं म्हणजे काय. बाप माझा आफ्रिकेत जिबूतीच्या बंदरात मुकादम होता, तेव्हा तिथे फ्रेंचांचं राज्य. शाळा तिथेच, सिस्टरांच्या हाताखाली. लग्न झालं तशी दापोलीला आले, मग इथे. कोणाशी बोलणार?" त्यांनी भिंग खाली ठेवलं. "तू शाळेत शिकवतेस एवढं माहीत होतं. मला वाटायचं सायन्स."

अकरा वर्षं ह्या दोघी एकमेकींना ओळखत होत्या. तिळगूळ वर-खाली झाला, शीरखुर्मा झाला, लिफ्ट बंद पडल्याच्या तक्रारी झाल्या, आपांच्या मुलाच्या, उझैरच्या नोकरीची आणि सान्वीच्या ॲडमिशनची काळजी करून झाली. आणि हे मात्र बोलणं झालंच नव्हतं. अपर्णाला स्वतःचाच राग आला, आणि त्याच्या मागोमाग इतका आनंद झाला की तिने आपांचा हात धरला.

"वाचलंत तुम्ही?"

"वाचतेय. मोतीबिंदू आहे ना, दिवसाला थोडं थोडं. ती बाई बरोबर करते गो. मी असते तरी मारलं असतं. पण ती मेलेली गाणारी, ती आपली नलिनी काय?"

अपर्णाने नुसती मान डोलावली. आपा इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला, आणि पाणी पिऊन झाल्यावर परत हसल्या.

मग अपर्णाने सगळं सांगितलं. पुस्तक परत न्यायला आले, फ्रान्सला लिहायचं आहे, जवळच्या मैत्रिणीने वाचलं असेल तर चालतं, त्रयस्थ वाचकाने वाचलं असेल तर बाद. हलिमाआपांनी पुस्तक मिटलं आणि ताबडतोब पुढे केलं.

"घेऊन जा. लिही मैत्रीण म्हणून. खोटं कुठे आहे? माझं काय जातंय?"

"खरं सांगा आपा. मैत्रीण म्हणून वाचत होतात?"

आपांनी पुस्तक परत मांडीवर ठेवलं. त्या सरळ बाई. "मैत्रीण म्हणून हातात घेतलं," त्या म्हणाल्या. "माझ्या वरच्या बाईने लिहिलंय म्हणून. चार पानं झाली आणि तू कोण होतीस तेच विसरले बघ. मग मला फक्त तीच दिसायला लागली, ती खुनी."

अपर्णा जिन्याने वर आली. लिफ्टची वाट बघायचंसुद्धा तिच्या लक्षात राहिलं नाही. दीड वर्षं तिने जे लिहिलं ते एका माणसाने ती कोण हे विसरून वाचलं होतं. ह्याच्यापुढे 'मैत्रीण' असा शब्द टाकायचा म्हणजे मिळालेलं हातानेच झाकून टाकायचं. तिला बक्षीस हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं, कंदीलच्या यादीत आपल्या कादंबरीचं नाव ती रोज उघडून बघत होती. तरी तिने हलिमाआपांचं वाक्य जसंच्या तसं फ्रेंचमध्ये लिहिलं, वाचक एक, अशी संख्या टाकली, आणि बोट मागे जायच्या आत पाठवून दिलं.

उत्तर शनिवारी सकाळी आलं. परीक्षकांना ते वाक्य फार आवडलं होतं. पण तुमच्यापाशी आता एक वाचक आहे, मादाम केर्व्हेन यांनी लिहिलं होतं, आणि नियमाप्रमाणे कादंबरी यंदाच्या स्पर्धेतून बाद होते. मनापासून खेद वाटतो. खाली त्यांचा फोन नंबर होता, काही विचारायचं असल्यास.

प्रल्हादने पोह्यांची बशी बाजूला सारली. रिफायनरीत शटडाउनच्या वेळीही ज्याची भूक गेली नाही तो माणूस. "मी घालवलं तुझं," तो म्हणाला. "सगळं मीच घालवलं." त्याच्याकडे बघून अपर्णाला आधी त्याचीच कीव आली. तिने बशी परत त्याच्यापुढे सरकवली.

तेवढ्यात बेल वाजली. दारात हलिमाआपा, एका हाताने सान्वीचा दंड धरलेला. सान्वीने खाली जाऊन बातमी दिली होती.

"कुठे आहे त्या बाईचा नंबर?" आपांनी विचारलं.

"आपा, राहू दे. नियम आहे त्यांचा."

"नियमाला मी काय म्हणतेय का? वाचक कोण? मी. मग मला विचारायला नको? लाव फोन."

सान्वीने लावलाही. स्पीकरवर घंटी वाजली, पलीकडून एक बाई बोलली, आणि हलिमाआपा सुरू झाल्या. मादाम, मी ती वाचक, दुबईहून बोलतेय. पहिल्यांदा तुमची चूक सांगते, मग कादंबरीची सांगते. अपर्णा उभ्या उभ्या ऐकत राहिली. तिच्याच जेवणाच्या टेबलाशी, पोह्यांच्या बशीशेजारी, कोणीतरी तिच्या खुनी बाईची बाजू मांडत होतं. ती वाईट नाही मादाम, ती थकलेली आहे, दुसऱ्यांच्या मुलांच्या चुका दुरुस्त करून करून तुम्हीही थकला असता. जिन्यातलं प्रकरण मी दोनदा वाचलं. शेवट मात्र लांबला आहे, पोलीस फार बोलतात. पलीकडची बाई काहीतरी म्हणाली, आपा म्हणाल्या, नाही, नाही, तुम्ही नीट वाचलंच नाही, आणि दोघी त्या पोलिसावरून वाद घालायला लागल्या. आपांचा आवाज चढला. फ्रान्सच्या सचिव बाई हसत होत्या. अपर्णाने तोंडावर ओढणी दाबली, तिला रडू येत होतं आणि ते अजिबात वाईट वाटून येत नव्हतं. प्रल्हादला एक अक्षर कळत नव्हतं. तो आळीपाळीने दोघींच्या तोंडाकडे बघत होता.

बऱ्याच वेळाने आपांनी फोन ठेवला.

"नाहीच म्हणते. बाद म्हणजे बाद. बाई बरी आहे पण." त्यांनी खुर्ची ओढली आणि गुडघा दाबत बसल्या. "पुढच्या वर्षी दुसरी पाठवायला सांगितलंय. अप्रकाशित." शेवटचा शब्द त्यांनी प्रल्हादकडे बघून म्हटला.

"दुसरी कुठून आणू आपा?" अपर्णा डोळे पुसत म्हणाली. "एक लिहायला दीड वर्ष गेलं."

"मग आजपासून लिही. लिहिलंस तेवढं खाली वाचून दाखवायचं, कागद कोणाच्या हातात द्यायचा नाही. रमजाननंतर माझं डोळ्याचं ऑपरेशन आहे, तोवर तू वाचायचं, मी ऐकायचं. यल्ला, चल. आणि या वेळी पोलीस कमी."

सान्वीने लॅपटॉप आणून इस्त्रीच्या टेबलावर ठेवला. अपर्णा उठली, जाऊन उभी राहिली, नवी फाइल उघडली. पांढरंशुभ्र पान समोर आलं आणि दीड वर्षाचा सगळा कंटाळा, सगळी मजा तिच्या हातांत परत आली. तिने मागे वळून विचारलं, "कोणाला मारू?"

हलिमाआपा विचार करायला लागल्या. सान्वी म्हणाली, "समवन हू डिझर्व्ज इट."

प्रल्हादने पोह्यांचा घास गिळला, बशी खाली ठेवली आणि ताठ बसला.

"मला मार," तो म्हणाला.

अपर्णाने त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग तिने लॅपटॉपकडे तोंड केलं आणि पहिलं वाक्य लिहिलं, आणि आपा म्हणाल्या, "मोठ्याने वाच."